घरात बसणाऱ्या चुका

१२ मार्च १९७३, सोमवार

चाक! कुंभाराचं चाक! 'कुंभाराचे फिरते साधन' — दोन घरं. पाचवीतलं पोर झोपेत सांगेल. आणि मी काय म्हणालो? 'माती'! मी! एकतीस वर्षं मराठी शिकवलेला, त्यातली अकरा हेडमास्तर म्हणून!

कारण उघड आहे. दया शाळेतून आली ती हातात पाकीट घेऊन. कोपरगावला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. राहायला क्वार्टर. अकरा जूनला हजर व्हायचं, होकाराचं पत्र तीस एप्रिलपर्यंत टाकायचं. चहा ओतता ओतता सांगितलं, साखर संपली म्हणून सांगावं तसं. मग रोजच्यासारखा पेपर आणि पेन्सिल घेऊन बसली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून असंच चालतं. ती कोड्यातले आडवे-उभे वाचते, मी शब्द सांगतो, ती घरं भरते. सात वर्षं झाली. दयाची आई रेबेका गेली तो एक दिवस सोडला तर खंड नाही.

माझं लक्ष कोपरगावात. तोंडातून 'माती' निघून गेलं. दयानं पेन्सिल खाली ठेवली, उठली, माझ्या कपाळावर हात ठेवला. 'बाबा, बरं नाही का वाटत?'

चार वर्षं या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता. चूक दुरुस्त करायची राहूनच गेली.

१३ मार्च

सकाळी म्हणाली, 'तुम्हीपण चला की बाबा. दोन खोल्या आहेत. तिथं पाण्याचे इथल्यासारखे हाल नाहीत.'

म्हणालो, या वयात मला उपटून दुसरीकडे लावू नकोस. नगरात रस्त्यानं निघालो की दहा माणसं 'सर' म्हणून थांबतात. तिथं मी कोण? बाईंचा म्हातारा!

तू जाऊ नकोस, हे काही म्हणालो नाही. ते तिनं आपणहून ओळखायला हवं. चौतीस वर्षांची घोडी झाली! मागून मिळवण्यात काय अर्थ आहे?

१६ मार्च

आज ठरवून केलं. निदान या वहीशी तरी खरं बोलतो.

'धान्य दळण्याचे घरगुती साधन', दोन घरं. शांतपणे म्हणालो, 'सूप.' दया थबकली. तेवढ्यात आतून रंगुबाई — आमच्याकडे भांडी-भाकरी करते — ओरडली, 'अवो मास्तर, जातं! सुपात काय दळत्यात व्हय? सुपात पाखडत्यात!' आणि खदाखदा हसली. हिला सही येत नाही, अंगठा उठवते — आणि माझ्या शब्दाला हसते! डोक्यात तिडीक गेली.

दयानं 'सूप' लिहिलं. खोडलं नाही. जेवताना न सांगता दुधात भाकरी कुस्करून पुढं ठेवली.

२४ मार्च

चुकायला अक्कल लागते! बरोबर उत्तर एकच असतं, ते आपोआप येतं. चूक शोधावी लागते. घरं तितकीच हवीत, उभ्या शब्दाचं अक्षर जमायला हवं, आणि ऐकणाऱ्याला वाटायला हवं की बिचाऱ्याचं थोडक्यात हुकलं. दया शाळेत गेली की भिंग घेऊन बसतो. आधी कोडं नीट सोडवतो — वीस मिनिटं. मग तीन चुका बेततो — त्याला दुपार पुरत नाही. काल एका चार अक्षरी चुकीपायी जेवण गार झालं.

आज 'बायकोचा भाऊ', तीन घरं. मेहुणा. मी म्हणालो, 'जावई.' म्हणालो आणि जीभ चावली. दुपारी बेतताना हे डोक्यात कसं आलं नाही!

दया पेन्सिल धरून तशीच बसली. मग हळूच म्हणाली, 'जावई बरा आठवला बाबा?'

नऊ वर्षं झाली. संगमनेरच्या डेव्हिड मास्तरनं तिला मागणी घातली होती, मला पत्र लिहून. चांगला मुलगा, पगारी, देवभीरू. पण पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका! 'आपलि मुलगी'! मराठीच्या मास्तराला 'आपली' लिहिता येऊ नये? मी सातही चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवलं. पुन्हा त्याचं पत्र आलं नाही. दया तेव्हा काही बोलली नाही. आज घरात 'जावई' लिहून मोकळी झाली.

२५ मार्च

झोप नीट झाली नाही. सात चुका म्हणजे काही फार नव्हत्या.

३ एप्रिल

'विसरण्याची सवय असलेला', चार घरं. आता पेपरवालेसुद्धा टोमणे मारायला लागले! 'विसराळू' तोंडातून काढणं शक्यच नव्हतं. 'कनवाळू' म्हणालो. शेवटचा ळू दोन्हींत आहे, उभा बिघडत नाही. दया हसली. कितीतरी दिवसांनी.

'कनवाळू कोण हो बाबा?'

'मला काय ठाऊक! तू लिही.'

होकार अजून पाठवलेला नाही. पाकीट आरशामागं खोचलंय. ती बाहेर गेली की आहे का बघतो.

१० एप्रिल, मंगळवार

दया मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर सूर्यभान. माझाच विद्यार्थी! याला स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी दोन महिने पहाटे घरी बोलावून शिकवलं. रेबेका त्याला दूध द्यायची.

'सर, आज वार कोणता?' — ओरडून. मी बहिरा झालोय अशी यांची समजूत!

'गुरुवार.'

'बरं. आणि मला ओळखलंत का सर? माझं नाव सांगा बरं.'

मी त्याच्याकडे बघितलं. दयाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. म्हणालो, 'नाही बुवा.'

त्यानं चष्मा काढून पुसला. एवढा मोठा डॉक्टर, पण डोळे भरून आले होते. हे असलं काम आजवर केलं नव्हतं मी. माझं नाव शलमोन, शहाण्या राजाचं! शहाणपण बघा!

टॉनिक लिहून दिलं. मग दयाला बाजूला घेतलं, पण बोलला मोठ्यानंच, 'यांना नव्या गावी नेऊ नका ताई. आणखी गोंधळतील.'

टांग्यात बसलो. मनात म्हटलं, जिंकलो! आता कशी जाते!

२० एप्रिल, गुड फ्रायडे

चौदा वर्षं या दिवशी चर्चमध्ये शास्त्रवाचन माझ्याकडे. यंदा पाळकसाहेबांनी भिमाजी कंपाउंडरला दिलं. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. सांगून काय उपयोग, म्हाताऱ्याच्या लक्षात थोडंच राहणार! भिमाजी 'प्राण'ला 'प्रान' म्हणाला. तीनदा! मी बाकाची कड धरून बसलो. उठून हातातलं पुस्तक काढून घ्यावं असं वाटत होतं.

बाहेर बायका दयाला घेरून. 'किती करतेस गं वडलांचं!' ती म्हणाली, 'करायला पाहिजे.'

करायला पाहिजे! हे ऐकायला का मी एवढी सोंगं केली?

३० एप्रिल

दयानं पत्र पेटीत टाकलं. मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. नकारच असणार. डॉक्टरचं ऐकल्यावर कोणती मुलगी जाईल?

संध्याकाळी तीन चुका बेतल्या होत्या, दोनच केल्या. खुशीत होतो.

२ मे

होकार होता.

मी खुर्चीत. ती ट्रंक झाडत होती. 'बाबा, मी जातेय. रंगुबाई इथं राहायला येईल, तिच्याशी बोलून झालंय. डॉक्टर म्हणतात, पुढं पुढं तुम्हाला जवळ कोण आहे तेही कळणार नाही. मग रंगुबाई काय आणि मी काय!'

एवढं बोलली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. हातात झाडण्याचं फडकं. बराच वेळ उभी होती. मी भिंतीकडे बघितलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! आता काय सांगू तिला? की मला वार कळतो, सूर्यभानचं नाव कळतं, जातं कळतं? म्हणजे दीड महिना पोटच्या पोरीला फसवलं म्हणून सांगू? कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उन्हात उभं केलं. आता मी कुठं उभा राहू?

३ मे

बोललो नाही.

४ मे

आजही नाही.

१९ मे

सुट्टीमुळे दया दिवसभर घरात. कोडं आधी बघायचं तर पेपर संडासात न्यावा लागतो. आज रंगुबाईनं अडवलंच. 'मास्तर, पेपर घिऊन कुटं निघालात?' साधाच प्रश्न, पण कान तापले.

चुका आता कशासाठी करतो तेच कळत नाही. ती जाणार हे ठरलं. पण थांबलो तर पकडला जाईन. म्हणून रोज तीन चुका, औषधासारख्या.

दोघी अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. रंगुबाई म्हणते, 'काळजी करू नका ताई, मी हाय न्हवं! माज्या सासऱ्याचं बी असंच हुतं. शेवटी शेवटी मलाच आई म्हनायचा.' दया हसली नाही. मला मात्र अंगावर काटा आला. हिला आई म्हणायचं? मी?

रेबेका असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, अहो, पुरे झालं नाटक, पोरीला काय ते सांगा. तिच्यासमोर असली नाटकं चालत नसत.

२ जून

ट्रंक भरली. तिची पुस्तकं, शाली, रेबेकाचा फोटो. फोटो मला विचारून घेतला. 'तुमच्याकडे दुसरा आहे ना?' मी मान हलवली.

९ जून, शनिवार

शेवटचं कोडं. 'सोने पारखण्याचा दगड', तीन घरं. कसोटी. मी 'पाषाण' म्हणालो. तिनं लिहिलं. आज तिचा हात सावकाश चालत होता. पेपर मिटला आणि विचारलं, 'बाबा, आणखी काही सांगायचंय का? राहिलं असेल तर?'

म्हणालो, 'एक उभा राहिलाय.'

'तो राहू दे,' म्हणाली, आणि दिवा लावायला गेली.

१० जून

टांगा सातला आला. ट्रंक चढवली. दया पायरीवर एक पाय ठेवून थांबली. टांगेवाला कातावला, 'चला बाई, यष्टी चुकंल.' तरी ती थांबलेलीच. माझ्याकडे बघत.

आता म्हणावं असं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आला होता. देवाशपथ आला होता!

म्हणालो, 'छत्री घेतलीस का?'

'घेतली.'

गेली.

१२ जून

सगळं कोडं बरोबर. अठरा मिनिटं. एकही खाडाखोड नाही. रंगुबाईला दाखवलं. 'ब्येस झालं,' म्हणाली, आणि त्याच पेपरवर मेथी निवडायला बसली.

१८ जून, सोमवार

दयाचं आंतरदेशीय पत्र आलं. भिंग लावून दोनदा वाचलं. उतरवून ठेवतो:

'बाबा, मी खुशाल आहे. शाळा बरी आहे. एक सांगायचं होतं. ज्याला खरंच विसर पडतो तो घरं मोजत नाही. तुमची एकही चूक घराबाहेर गेली नाही. पहिल्या पंधरवड्यातच मला कळलं होतं. म्हणून डॉक्टरकडे नेलं, वाटलं दारातूनच परत फिराल. रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन वाट बघायचे, आज तरी जाऊ नको म्हणाल. टांग्यात बसेपर्यंत बघितली. म्हणाला असतात तर राहिले असते. टॉनिक घेऊ नका, त्याची गरज नाही. — दया.'

खरं आहे. एकदाही म्हणालो नव्हतो.