गँगरेलचा पाइप

ड्रमफर्न, ९ नोव्हेंबर १९३१

ती. अर्चीदादास,
ग्रिझेलचा सा. न. वि. वि.

मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या. यांचा खोकला आहे तसाच. वहिनीचा मुरंबा संपला. लाज सोडून आणखी मागते आहे.

काल संध्याकाळी एक भटका गँगरेल आला. कोठारात निजण्याआधी रीतीप्रमाणे काड्यापेटी नि पाइप माझ्याकडे दिला. गवत पेटू नये म्हणून सगळेच फिरस्ते देतात, सकाळी मागून नेतात. दाढीत चेहरा दिसेना. नुसता माझ्याकडे बघत राहिला. आपली छोटी जीन त्याच्याकडे धावली तशी मी तिला मागे ओढलं आणि त्याच्यादेखत म्हटलं, "जवळ जाऊ नकोस. गँगरेल आहे तो. असल्यांना ना घर असतं, ना माणसं."

सकाळी लापशी घेऊन गेले, तर तो उजाडायच्या आतच निघून गेलेला. काड्या, पाइप माझ्याकडेच. असं कुणी करत नाही. पाइपच्या दांडीला तांब्याची तार गुंडाळली आहे. आई गेल्यावर बाबा घर सोडून गेले, तेव्हा मी नऊ वर्षांची. त्यांच्या पाइपला तू अशीच तार बांधली होतीस का? लगेच कळव.

तुझा लोभ आहे, तसाच राहू दे.
ग्रिझेल

पर्थ, ११ नोव्हेंबर

चि. ग्रिझेल हिस,
अनेक आशीर्वाद.

तार मीच बांधली होती. सात वेढे, शेवटचा उलटा. मोजून बघ. मी शनिवारी येतो, खिंडीकडे शोधू.

तो शब्द जिवाला लावून घेऊ नकोस, रडूबाई. फिरस्त्यांसाठी न्यायाधीश तोच वापरतो, पाद्रीही तोच. नुकतं चालू लागलेल्या पोरालाही आपल्यात गँगरेलच म्हणतात. तू पहिली पावलं टाकलीस, तेव्हा बाबा तुला 'माझी गँगरेल' म्हणून गावभर मिरवत होते. मुरंबा घेऊन येतो.

जीनला पापा.
अर्ची

ड्रमफर्न, १२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

वेढे सात आहेत. शेवटचा उलटा.

आता शोधायला नको, अंत्यविधीचा काळा कोट घेऊन ये. बाबा आज मेंढपाळाला खिंडीतल्या दगडी आडोशाला सापडले. मंगळवारपासून बर्फ पडत होतं. शेजारी सुक्या काटक्या नीट रचलेल्या होत्या, खाली कागद. पेटवलेल्या नव्हत्या.

पोलिसाने वहीत 'गँगरेल, नाव माहीत नाही' असं लिहिलं होतं. मी नाव सांगितलं. त्याने विचारलं, तुमचा कोण लागतो. मी म्हटलं, "बाप."

जीन विचारते, आजोबांनी शेकोटी का नाही पेटवली. मला तिला सांगवत नाही. पेटी माझ्या फडताळात आहे, दादा. आत अकरा काड्या आहेत.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
ग्रिझेल