महेंद्रसाठी सोडलेली जागा

मी, सुनंदा याकोब चांदेकर, वय ७१, निवृत्त परिचारिका, धर्माने ख्रिस्ती, राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. रक्तदाब वर असतो, पण डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी पुढे वाचावं.

१. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या सून सानिका हिला. माझा मुलगा संदेश गेल्यावर तिनं लांज्याला दुसरं लग्न केलं. चर्चच्या बायकांनी तिला नावं ठेवली. त्यांच्यापैकी एकीलाही माझी साडी देऊ नये.

२. माझी पेटी चर्चला द्यायची नाही. माझा धाकटा भाऊ महेंद्र एलिया वाडकर यानं उपासनेत उभं राहून रडत रडत "मी पापातून धुतला गेलो" असं सांगितलं आणि मंडळीनं टाळ्या वाजवल्या. त्या रविवारपासून मी पेटीचा भाता उघडलेला नाही. तिला वाळवी लागली तरी चालेल.

३. तो कशातून धुतला गेला हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते. दाभोळच्या खाडीत तो दारू पिऊन होडी घेऊन गेला. सोबत संदेश होता. होडी उलटली. महेंद्र पोहून काठाला लागला आणि पोलिसांच्या भीतीनं, तोंडाचा वास जाईपर्यंत काजूच्या बागेत लपून बसला. कुणाला हाक मारली नाही. संदेश सापडला तेव्हा होडीची दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती. म्हणजे तो उलट्या होडीला धरून मामाची वाट बघत होता.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, "सुनंदाबाई, कृपा लायकी बघून मिळत नसते. देवानं माफ केलं, तुम्ही कोण अडवणाऱ्या?" मी आई. देवाचा मुलगा तिसऱ्या दिवशी परत आला. माझा आला नाही.

४. तरीही मिरजोळ्याचं जांभ्याचं घर मी महेंद्रला देते, लायकी नसताना. पाळकसाहेबांना आवडेल. मात्र वकिलांनी समजावलं आहे की, ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून साक्षीदाराची पहिली जागा महेंद्रसाठी सोडली आहे. पाळकसाहेबांनी हा कागद त्याला मोठ्यानं वाचून दाखवावा. कलम तीन त्याला कबूल असेल तर त्यानं सही करावी, मग घर सानिकाला. नसेल तर वकिलांचा कारकून सही करील आणि घर महेंद्रचं. त्याचे अश्रू केवढ्याचे ते मंडळीला कळेल. मी त्याला पाळण्यात झोके दिलेत. तो घरच घेईल.

५. मला संदेशच्या शेजारी पुरावं. महेंद्रनं माती टाकू नये.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

सही: सुनंदा याकोब चांदेकर

साक्षीदार:
१. महेंद्र एलिया वाडकर
२. बाबाजी मार्कस गावडे, पाळक

सह्या झाल्यावर, माझ्या हातानं:

महेंद्रनं सगळं ऐकलं आणि लगेच पेन मागितलं. म्हणाला, "घर नको गो ताई. एकदा माझ्याकडे जेवायला ये." मी गेले नाही, जाणारही नाही. त्यानं घर घेतलं असतं, तर मी सुखानं मेले असते.