जुने मशीन, नवे मशीन आणि एक पांढरी साडी

मी, श्रीमती वैशाली प्रफुल्ल गमरे, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार वर्तकनगर, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत आहे. लिहिताना कोणाची जबरदस्ती नाही. जाहिरातींची आयुष्यभर होती, पण आत्ता टीव्ही बंद आहे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते मुलगा सम्यक व मुलगी रचना यांचे निम्मे निम्मे. विकायचे की ठेवायचे, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे. फोनवर ठरवू नये.

२. बँकेतील ठेवीही तशाच निम्म्या. त्याआधी त्यातून विहाराच्या वाचनालयाला पुस्तकांचे एक कपाट द्यावे. त्यावर माझे नाव रंगवू नये. विहारातल्या पंख्यांच्या पात्यांवर स्मरणार्थ म्हणून इतकी नावे झाली आहेत, की बटण दाबले की सगळे कालकथित गरगर फिरू लागतात. माझे यजमानही त्यातच आहेत.

३. फोन, मनगटावरचे ठोके मोजणारे घड्याळ, एअर फ्रायर आणि लादी पुसणारा रोबो सम्यकला द्यावा. त्यानेच मला हे सगळे वापरायला शिकवले.

याबाबत थोडा खुलासा. दर पौर्णिमेला मी विहारात तृष्णेवरचे प्रवचन ऐकते. मनापासून पटते. आणि घरी येताना दुकानाच्या काचेपाशी पाय थबकतात ते थबकतातच. रचना विचारते, आई, याची गरज होती का? नव्हती. हवे होते. खोके उघडताना येणारा नवा वास मला फार आवडतो, आणि उघडून झाले की लाज वाटते. दोन्ही खरे आहे. आता सुधारायला वेळ उरलेला नाही.

४. जुने वॉशिंग मशीन. माझी आई केशरबाई वर्तकनगरात घरोघरी धुणी धुवायची. एका घरी तर तिने पिळून दिलेले कपडे पाणी शिंपडून मगच आत घेत. त्या घराचे नाव मला पाठ आहे, पण ते लिहून या कागदाला विटाळ करणार नाही. सोड्याने आईच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडत, त्यात ती मेण भरायची. वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा मी काचेच्या दाराचे मशीन आणले. आई समोर स्टूल घेऊन बसली. कपडे फिरताना बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मग आता मी काय करू?"

"काही करू नकोस. नुसती बस," मी म्हणाले.

तेव्हापासून मरेपर्यंत ती धुण्याच्या वेळी तिथे बसायची. विहारात नेसायची पांढरी साडी तेवढी तिने कधी मशीनमध्ये टाकू दिली नाही. ती हाताने धुवून, नीळ देऊन स्वतः वाळत घालायची.

५. नवे मशीन. जुन्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणून या दिवाळीत मी नवे घेतले. ते फोनवरून चालते, कपडे वाळवते आणि काम झाले की गाणे वाजवते. घेऊन आलेली माणसे बदल्यात जुने उचलायला लागली तेव्हा मात्र मी मोरीच्या दारात आडवी उभी राहिले. शेवटी जुने मोरीत राहिले, आणि नवे खोक्यातच हॉलमध्ये, वर टेबलक्लॉथ घालून. कोपरच्या तिच्या घरून रचना आली. खोके बघून म्हणाली, "आजीच्या मशीनवर तुझा जीव असता ना आई, तर हे आणलंच नसतंस."

मी टेबलक्लॉथ सरळ करत राहिले. रागाने गेली ती अजून आलेली नाही. शस्त्रक्रियेचे तिला सम्यकने कळवले आहे. सोमवारच्या आत ती यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

रचनाने तत्त्व म्हणून स्वतःचे मशीन विकून टाकले आणि घरचे सगळे धुणे ती हाताने धुते. तिच्या तत्त्वाचा मला आदर आहे. पण त्या दिवशी तिने चहाचा कप उचलला तेव्हा मला तिच्या बोटांच्या बेचक्या दिसल्या. अगदी आईच्या होत्या तशा. म्हणून नवे मशीन रचनाला. ते तिच्यासाठीच घेतले होते असे खोटे लिहिणार नाही, मी ते माझ्या हौसेने माझ्यासाठी घेतले. जुने आता भंगारात दिले तरी माझी हरकत नाही. आईचे स्टूल मात्र कोणालाही देऊ नये.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. मला माझी पांढरी साडी नेसवावी. गेल्या पौर्णिमेला नेसले होते, ती धुवायची राहिली आहे.

रचना, ती तू हाताने धुवायला घेशील, मी ओळखते तुला. तसे करू नकोस. नवे मशीन खोक्यातून बाहेर काढ आणि पहिली तीच त्यात टाक. आपल्या घरात हाताने पुष्कळ धुऊन झाले. साडी फिरत असेल तोवर आजीच्या स्टुलावर बस. काही करू नकोस. नुसती बस.

लिहिलेले पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच.

सही: वैशाली प्रफुल्ल गमरे

वैशालीताईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. अ‍ॅग्नेस फिलिप डिमेलो, शेजारी
२. श्रीपाद वसंत ओक, सोसायटीचे सचिव

ठिकाण: वर्तकनगर, ठाणे
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार