चार डब्या आणि एक मल्टी

२ ऑगस्ट १९९२, रविवार

व्यंकटरावांनी आज तोंडावर सांगितलं — गणपतीपासून बेस गिटार बंद!

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या बापूनं नवा कीबोर्ड आणलाय. डाव्या हाताचं एक बोट ठेवलं की बेस आपोआप वाजायला लागतो. चुकत न्हाई, थकत न्हाई, चहा मागत न्हाई. जीप एक, माणसं नऊ, वर सामान. एक माणूस कमी झाला तर व्यंकटरावांना पाहिजेच हाय, अन् तो माणूस मी.

सहा वर्षं झाली ‘गुलबहार ऑर्केस्ट्रा’त. दिवसभर कृषी विद्यापीठात आवक-जावक लिहितो. तिथं मला कुणी सूर्यभान म्हणत न्हाई, “ओ आवक-जावक” म्हणतात. पण ती चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवली की मी कुणीतरी असतो. लोकांना बेस ऐकू येत न्हाई, मालूम हाय मला. बंद केला की मात्र गाणं पोकळ होतं. हे व्यंकटरावांना कसं समजावू? तेच मालक, तेच मॅनेजर.

लय गयावया केली. शेवटी म्हणाले, “कीबोर्डातून निघत न्हाई असं काहीतरी काढून दाखव. बावीसला पूर्णेला रेल्वेवाल्यांचा कार्यक्रम हाय. तिथं ठरवू.”

वीस दिवस!

४ ऑगस्ट, मंगळवार

अर्धी रजा टाकून नांदेडला गेलो. आबासाहेबांचं वाद्यांचं दुकान — ते स्वतः जुने बेसवाले, त्यामुळं माझं दुखणं फार सांगावं लागलं न्हाई. म्हणाले, आवाजच बदलायचा तर दोन रस्ते हाईत. एक, सुट्ट्या डब्या. खाली ठेवायच्या, पायानं दाबायच्या, एका डबीचं एकच काम. दुसरा, मल्टी. एकाच डब्यात सगळं, नंबर लावला की आवाज हजर.

दोन्ही टेबलावर मांडले. डब्या त्यांच्याच वापरातल्या, चार. पिवळी आवाज जाड-बारीक करती, निळी हेलकावे देती, काळी खालचा अजून एक सूर जोडती, लाल आवाज फाडती. मल्टी कोरी, मुंबईहून आलेली, पाटाएवढी, आत साठ आवाज. किंमत म्हणावं तर चारी डब्यांची मिळून मल्टीएवढीच. म्हणजे तिथूनही काही ठरंना!

मी नुसता उभा. एकदा इकडं बघायलोय, एकदा तिकडं. आबासाहेबांना दया आली असावी. दोन्ही घेऊन जा म्हणाले, पंधरा दिवस वाजव, एक ठेव, एक परत आण. येताना गाडीत दोन्ही मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याला वाटलं, मिठाई हाय.

५ ऑगस्ट

मल्टी. मल्टीच!

६ ऑगस्ट, गुरुवार

साठ आवाज! ऑफिसातून आलो, बूट न काढता बसलो. अकरा नंबरला देवळात वाजवल्यासारखं घुमतं. अठरा नंबरला पाण्याखालून येतंय असं वाटतं. तेवीस लावला तर शेजारच्या सरजाबाई दारात. घरात गिरणी टाकायलाव का, विचारत होत्या! प्रभा त्यांना चहा देऊन हसत बसली. मला काही म्हणली न्हाई. आठ वर्षांच्या लग्नात तिनं माझ्या गिटारीला कधी नाव ठेवलं न्हाई, पण मन लावून ऐकली असंही मला वाटत नव्हतं.

७ ऑगस्ट

साहेबांनी विचारलं, टेबलाखाली पाय कशाला आपटायलाव? मुंग्या आल्या म्हणलो. डब्यांची प्रॅक्टिस चालू होती.

९ ऑगस्ट, रविवार

आज गंमत झाली. गंमत कसली, माझे डोळे उघडले.

परवा मल्टीचा चौदा नंबर मला लय आवडला होता, तोच आज लावला. वाजवायलो. स्वयंपाकघरातून प्रभा म्हणाली, परवा हा बरा होता, आज सुजलाय. मी म्हणलो, अगं नंबर तोच हाय, मशीन हाय ती, तिला काय सूज येती? ती म्हणाली, परवा गाद्या खोलीत होत्या, आज गच्चीवर वाळत घातल्यात. खोली रिकामी हाय.

खरंच होतं.

मग तिच्या माहेरची गोष्ट निघाली. तिचे वडील किशनराव वालूरच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावतात, तेव्हा कुठं तो खालून बोलतो. ती कणीक लावायचं काम लग्न होईपर्यंत हिचं. मामंजी नुसती थाप मारायचे, ही ऐकून चिमूटभर काढायची न्हाई तर चिमूटभर लावायची. मला आजपर्यंत हे माहीतच नव्हतं. आठ वर्षं!

“कालची कणीक आज लावत न्हाईत,” ती म्हणाली. “देऊळ वेगळं, हवा वेगळी, माणसं कमी-जास्त. तुमची ही पेटी कालचंच घेऊन बसती.”

पोळ्या सोडून आली, मला गिटारीची वायर मल्टीतून काढून डब्यांना लावायला सांगितली, पिवळ्या डबीचं बटण पिठाच्या हातानं जरासं डावीकडं फिरवलं. एवढंसंच. अन् बेस जागेवर बसला! भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं थांबलं. मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती म्हणाली, बघताव काय, वाजवा, तव्यावर पोळी हाय.

११ ऑगस्ट, मंगळवार

सहा वाजले की सगळ्या गल्लीत दिवे लागतात अन् व्होल्टेज बसतं. मल्टी लाईटवर चालती. आज नंबर लुकलुकले, विझले, परत आली ती एक नंबरवर! डब्यांना आत चौकोनी सेल. त्यांना लाईटीचं काही देणंघेणं न्हाई.

पण डब्यांचं दुखणं वेगळं. दोन हात तारांवर, राहिला एक पाय. त्या पायानं निळी बंद करायची अन् काळी चालू करायची म्हणजे उड्याच मारायच्या. आज काळीऐवजी लाल दाबली. सरजाबाई परत आल्या.

आणि वायरी! पाच वायरी चार डब्यांना. कोणती ढिली झाली ते शोधण्यात अर्धा तास गेला. मल्टीला दोनच. तिथं मल्टी जिंकली, हे लिहून ठेवतो.

मधूनच बटण फिरवायचं असेल तर डबीपुढं वाकायचं, म्हणजे वाजवणं बंद. मल्टीत तर अजून वाईट. एक आवाज जरा कमी करायला तीन वेळा दाबायचं, मग आतलं पान उघडतं, मग परत दाबायचं. तोपर्यंत गाणं संपतं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तालीम. मल्टी घेऊन गेलो. सात नंबरावरून एकतीसला जायचं होतं, पायानं चोवीस वेळा दाबलं, मधले तमाम आवाज एकामागं एक लोकांना ऐकवले. बापू कीबोर्डावर डोकं ठेवून हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू! पण व्यंकटराव हसले न्हाईत.

मग डब्या काढल्या. उड्या मारताना वायर पायात आली, पडता पडता वाचलो.

घरी आलो, जेवलो न्हाई. प्रभाला म्हणलो, जाऊ दे, दोन्ही परत करतो, गिटारही आबासाहेबांना देऊन टाकतो. डोळ्यात पाणी आलं माझ्या, इथं लिहायला काय लाज.

ती भांडी घासायली होती. मागं न बघता म्हणाली, “पायानं कशाला करताव? डब्यांपुढं मी बसते. हातानं करते.”

मी हसलो. ती हसली न्हाई. मग मीही थांबलो.

१५ ऑगस्ट, शनिवार

सुट्टी. झेंडावंदन करून पळत घरी. दिवसभर आमी दोघं!

डब्या पाटावर मांडल्या. ती मांडी घालून पुढं, मी उभा. मी वाजवायलो अन् तिचे हात फिरायले. निळी हळूच आली, हळूच गेली. काळी नेमकी तिहाईला, तीनदा घेऊन समेवर येताना. मी काही सांगितलं न्हाई, तिनं विचारलं न्हाई. मल्टीही तिच्यापुढं ठेवून बघितली. दहा मिनिटं दाबादाबी केली, मग बाजूला सारली. “ह्याच्यात हात घालायला जागाच न्हाई,” म्हणाली.

ठरलं. डब्या! असा आनंद पगारवाढीलाही झाला नव्हता.

१७ ऑगस्ट, सोमवार

मल्टी नांदेडला परत. आबासाहेबांनी कारण विचारलं, सांगितलं. दुकानातलं गिऱ्हाईक सोडून ते पाच मिनिटं हसले. मग म्हणाले, वीस वर्षं वाजवलं, माझ्या डोक्यात हे आलं न्हाई. सेल फुकट दिले, आठ.

२० ऑगस्ट, गुरुवार

प्रभाला धास्ती. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर बसायचं, लोक काय म्हणतील? अन् बाबा काय म्हणतील? मामंजी काल वालूरहून आलेत, माळकरी माणूस. मी भीत भीत सांगितलं. त्यांनी तिला डब्यांपुढं बसवलं, मला वाजवायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. एकदाच म्हणाले, “काळी जरा कमी.” ती म्हणाली, “न्हाई बाबा, बरोबर हाय.” मामंजींनी परत ऐकलं, मान डोलावली. पूर्णेला मीबी येतो म्हणाले.

२२ ऑगस्ट

दुपारच्या गाडीनं निघतो. प्रभानं हिरवं लुगडं काढलंय. तिच्या पिशवीत डब्या, माझ्या खांद्यावर गिटार.

२३ ऑगस्ट, रविवार

सगळं लिहितो, एकही गोष्ट सुटायला नको.

पूर्णेचा हॉल म्हणजे पत्र्याचं छत. रेल्वेची सगळी माणसं, बायका-पोरं, खच्चून भरलेला. प्रभाला बघून व्यंकटराव चकित. म्हणाले, वहिनींना पुढं खुर्चीवर बसवा की! मी म्हणलो, त्या इथंच बसणार, माझ्या पायाशी. ते काही बोलायच्या आत पडदा वर गेला.

पहिल्या गाण्याला पत्र्यानं घात केला. एक तार छेडली की छत घरघर करायचं. बापूनं माझ्याकडं बघून डावा हात उचलला, म्हणजे बेस मी घेऊ का? मी होकाराची मान हलवणार, तेवढ्यात प्रभानं पिवळी फिरवली, काळी बंद केली. घरघर गेली! नुसता गोल, घट्ट सूर. पुढच्या कडव्याला तिनं निळी सोडली, लोक डोलायला लागले. गाणं संपायच्या आधीच टाळ्या. बापूनं डावा हात मांडीवर ठेवला, शेवटपर्यंत तिथंच ठेवला.

आता मधल्या सुट्टीतलं. आमच्या गायिका प्रमोदिनीबाईंचा आवाज पहिल्यापासून डबक्यातून आल्यासारखा येत होता. मिक्सरवर बसणारा मुंजाजी म्हणायला, पत्र्याला मी काय करू? प्रभा उठली, पदर खोचला, मुंजाजीला विचारलं ह्यातलं बाईंचं कोणतं. त्यानं दाखवलं. तिनं दोन बटणं खाली घेतली, एक वर. विचारत विचारत ढोलकीचं केलं, बापूचं केलं. मुंजाजी उठून उभा राहिला अन् त्यानं आपली खुर्ची तिला दिली! सुट्टीनंतर ती मिक्सरजवळच बसली. माझ्या डब्या तिथंच नेल्या, वायर लांब केली.

दुसरा अर्धा भाग! मी सहा वर्षांत अशी गाणी ऐकली न्हाईत, अन् मी स्वतः त्यात वाजवत होतो. प्रमोदिनीबाई गाता गाता हसायल्या. तीन गाणी लोकांनी परत घ्यायला लावली. मामंजी शेवटच्या रांगेत उभे राहून मांडीवर ठेका धरत होते.

व्यंकटराव मात्र पेटी आवरताना एवढंच म्हणाले, मंगळवारी घरी येतो.

२४ ऑगस्ट

ऑफिसात एक पत्र दोनदा चढवलं. उद्या मंगळवार.

२५ ऑगस्ट, मंगळवार

आले. गणपतीच्या दहा दिवसांच्या तारखा लिहून आणल्या होत्या. मी म्हणलो, मग माझं पक्कं का? व्यंकटराव खाली बघत म्हणाले, “सूर्यभान, बेसचं बापू भागवील. मिक्सरवर मला वहिनी पाहिजेत.”

मी कप खाली ठेवला. प्रभानं तारखांचा कागद घेतला, शांतपणे वाचला, घडी घालून कमरेला खोचला.

“येते,” म्हणाली. “बेस वाजवणारा मात्र माझा मी घेऊन येईन.”