जांभळ्या झाकणाची नळी

सोमवार, ३ मार्च

नवीन चाचणी लावायची म्हटली की पहिलं रक्त आपलंच. आमच्या प्रयोगशाळेतला हा रिवाज माझ्या आधीपासूनचा. यंत्र नवं, रसायन नवं, पेशंटच्या रक्तावर कशाला शिकायचं? म्हणून आज बाही वर केली. गंमत अशी की बावीस वर्षं मी लोकांना सुया टोचतोय, आणि स्वतःला टोचून घ्यायचं म्हटलं की नजर भिंतीकडे वळते. बाकीच्या चौघांनी दोन-दोन नळ्या दिल्या — जांभळ्या झाकणाची जनुकासाठी, लाल झाकणाची एन्झाइमसाठी. मी एक जांभळी दिली आणि बाही खाली केली. एकीत भागतंय तर दुसरी कशाला!

एन्झाइमचं नाव पॅराऑक्सोनेज. रक्तातली चरबी खराब होऊन नसांच्या भिंतींवर थापली जाऊ नये म्हणून हा राखण करतो. कुणाचा झपाझप काम करतो, कुणाचा रमतगमत. ते बरंचसं जनुकावर अवलंबून — एक नक्कल आईकडून, एक बापाकडून. आमच्या विभागप्रमुख मॅडमना सहाशे लोकांचा अभ्यास करायचाय, कुणाच्या नसा लवकर तुंबतात त्याचा. तोवर आम्हीच गिनिपिग.

मंगळवार, ४ मार्च

चौघांच्या एन्झाइमच्या वेगाचे आकडे शंभर ते एकशे सत्तरच्या मधले. माझा नऊ.

पुन्हा चालवला. आठ.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वडील कितव्या वर्षी गेले, म्हणाल्या. शेहेचाळिसाव्या, ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. आणि भाऊ? दादा सत्तेचाळिसाव्या. फोनवर माझ्याशी बोलता बोलता त्याचे शब्द वेडेवाकडे व्हायला लागले आणि मला वाटलं, थट्टा करतोय. माझं वय त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत आहे. जूनमध्ये शेहेचाळीस.

एका आकड्यावरून काही ठरत नाही, असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. मीही मान डोलावली. मग घरी येऊन बायकोला सगळं सांगून बसलो. जीभ आवरत नाही, दुसरं काय!

बुधवार, ५ मार्च

मीठ गायब. तळलेलं गायब. डब्यात उकडलेल्या भाज्या, आणि सोबत चिठ्ठी — लिफ्टनेच जा.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण तिने टिल्लूचं नेमणूकपत्र कपाटात घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. टिल्लू म्हणजे आमची लेक. वीस वर्षांची, पाच फूट आठ इंच उंच, तरी घरात टिल्लूच. अग्निशमन दलात तिची निवड झालीय. सोळा तारखेला प्रशिक्षणाला निघायचंय, सहा महिन्यांसाठी. तिथे पाठीवर वजन घेऊन शिड्या चढायच्या, धुरात शिरायचं.

बायको म्हणाली, "तुमच्या घराण्याचं रक्त आहे तिच्या अंगात. दोन माणसं गेलेली पाहिली मी. तिसरी नाही पाहायची."

मी आवाज चढवला. म्हटलं, माझा आकडा माझ्या अंगाला लाव, पोरीचा रस्ता अडवू नकोस. ती रडायला लागली. टिल्लू ताट उचलून आत गेली. या पोरीने तीन वर्षं पहाटे उठून पळून पळून बुटांचे सहा जोड फाडलेत, आणि माझ्या एका नळीपायी तिने घरी बसायचं? मी असेपर्यंत ते होणार नाही. नसलो तरी होऊ देणार नाही!

गुरुवार, ६ मार्च

रजा टाकायला लावून बायकोने हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीला वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर पळवलं. नऊ मिनिटं झाल्यावर डॉक्टर पुरे म्हणाले, मी बारा मिनिटं पळालो. सगळं ठीक निघालं. बायको म्हणाली, दादांचाही ईसीजी चांगलाच होता की.

मी रिपोर्टाची घडी घालून खिशात टाकली.

शुक्रवार, ७ मार्च

आज दादाचा निळा शर्ट घालून कामावर गेलो. मुद्दाम.

शनिवार, ८ मार्च

चार मजले जिन्याने. दोनदा. वर पोचल्यावर धाप लागली ती वयाची की आकड्याची, असा विचार मनात आलाच. स्वतःचाच राग आला. दादा गेल्यापासून दोन वर्षं मी न घाबरता जगलो, आणि आता एका नऊच्या आकड्याने मला नाडी चाचपायला लावलंय! तिसऱ्यांदा चढलो.

सोमवार, १० मार्च

काय लिहू! हसू की डोकं आपटून घेऊ!

सकाळी वॉर्डातून एक नमुना आला. कॅल्शियम जवळजवळ शून्य, पोटॅशियम आभाळाला भिडलेलं. असे आकडे असलेला माणूस जिवंत असायचा नाही. आणि हा गृहस्थ, सिस्टर म्हणाल्या, खाटेवर बसून पेपर वाचतोय. ही भानगड मी पन्नासदा पाहिलीय. फोनवरच त्यांना झापायला घेतलं, "लाल नळी कमी भरली म्हणून जांभळीतलं रक्त ओतलंत ना तिच्यात? जांभळ्या नळीत मीठ असतं, सिस्टर. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तर रक्त गोठत नाही. मग ज्याला कॅल्शियम लागतं ते सगळंच तिथे बंद..."

आणि मीच बंद पडलो. सिस्टर हॅलो हॅलो करत राहिल्या.

आमचा हा एन्झाइम कॅल्शियमवरच चालतो! जांभळ्या नळीत तो निपचित पडणारच. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक छापलंय, आणि ते वाचून बाकीच्यांना समजावलं होतं मीच. तरी दुसरी सुई चुकवायला दोन्ही चाचण्या एकाच जांभळ्या नळीतून उरकल्या. शुद्ध गाढवपणा. सिस्टरनी केला तर मी तक्रारवहीत लिहितो. आज पहिल्यांदा त्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी सुई आणि लाल नळी पुढे ओढली. मग म्हणाल्या, बाही वर करा.

मंगळवार, ११ मार्च

लाल नळी. एकशे बत्तीस.

जनुकाचाही निकाल आला. त्याला जांभळीच लागते, त्यामुळे तो खराच. एक नक्कल झपाझप काम करणारी, एक रमतगमत. असे लोक ढिगाने असतात, मॅडम म्हणाल्या. मग बाबा आणि दादा कशाने गेले? ते त्यांनाही माहीत नाही. निदान या एन्झाइमच्या माथी सगळं मारता येणार नाही.

घरी कागद दाखवला. बायकोने दोनदा वाचला. मग आठवडाभर मनात साठलेलं सगळं माझ्यावर काढलं — आळशी, भित्रा, अर्धवट. बोलणं संपल्यावर तिने पर्स उघडली आणि किल्ली टिल्लूच्या हातात दिली.

गुरुवार, १३ मार्च

बॅग भरणं चालू. टिल्लू शांत आहे. मी नाचायचा बाकी राहिलोय आणि ही मोजे घडी घालतेय.

रविवार, १६ मार्च

सकाळी सातच्या गाडीत बसवून आलो. तिने मला घट्ट धरलं, जरा जास्तच वेळ. आईला म्हणाली, बाबांना आता तळलेलं दे. गाडी वळेपर्यंत बायको हात हलवत होती. परत येताना आम्ही पायी आलो, गप्पा मारत. कित्येक महिन्यांनी.

सोमवार, १७ मार्च

मॅडमनी खोलीत बोलावून दार लावलं. सहा तारखेला मी रजेवर होतो तेव्हा टिल्लू येऊन रक्त देऊन गेली होती. दोन्ही नळ्या, जांभळी आणि लाल, नीट नियमाने. बाबा मला गाडीत बसवून आले की मगच सांगा, असं निकाल कळल्यावर तिने मॅडमना बजावलं.

एकतीस. लाल नळीतून. दोनदा तपासलेला.

दोन्ही नकला रमतगमतवाल्या. एक माझी. दुसरी बायकोची. तिला अजून सांगितलेलं नाही, ती आत भाजी निवडतेय. तपासण्या वर्षाला करा, तंबाखू-सिगारेट नको, आणि पळतेय ते तिच्या भल्याचंच आहे, असं मॅडम म्हणाल्या. पोरीला हे सगळं अकरा तारखेपासून माहीत होतं.

तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. फार भीती वाटतेय. परत बोलावणार नाही.