केशरबाईची भवानी

अमरावती,
शुक्रवार, दिवाळीच्या तोंडावर, १९६१

चि. पंजाब,
श्रीकृपेने सुखी अस.

एकाच गावात राहून तुला पत्र लिहिते आहे आणि ते टाकणारही नाही. समोर आलास की मी नुसता चहाच विचारते.

आमच्या दारासमोरचा शुक्रवारचा बाजार रेल्वेपलीकडे हलवायला नगरपालिकेच्या सभेत तू हात वर केलास. "ताई, इथं पक्की दुकानं होतील, तुझ्या घराची किंमत वाढेल," म्हणालास. माझं भलंच पाहिलंस.

आज नव्या जागी गेले. दुपार कलली होती. वलगावची केशरबाई भाजीची टोपली झाकून बसली होती. इतकी वर्षं तिची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, माझ्याच हातची.

"इकत काहून नाही वं?" मी विचारलं.

"तुमच्या हातची भवानी झाल्याबिगर कशी इकू, बाई? सकाळपासून तुमचीच वाट पाहून राहिली."

गिऱ्हाइकं तिनं परत पाठवली होती. मी वांगी घेतली. सुकलेली होती, तरी पहिल्यांदाच घासाघीस केली नाही.

पुढच्या शुक्रवारपासून ती आमच्या घराच्या ओट्यावर बसेल. यांना विचारलं, तर म्हणाले, "ओटा तूच सारवतेस, तूच ठरव."

नगरपालिका दंड करील. तो ठराव तुझ्याच हाताने झाला तरी भाऊबीजेला तुला ओवाळीन. फक्त आत येताना केशरबाईची टोपली ओलांडू नकोस. तिची लक्ष्मी आहे ती. बाजूने ये.

तुझी,
दुर्गाताई