लेवाय विदर्स यांची गैरहजेरी

प्रति,
मा. सचिवसाहेब,
राज्य विधानसभा, राजधानी.

विषय : माझे यजमान, सभासद लेवाय विदर्स, यांच्या नावापुढील 'विनापरवाना गैरहजर' हा शेरा खोडून 'मयत' असे लिहिण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २ नोव्हेंबर १८७०.

महोदय,

विनंती अर्ज करते की, माझे यजमान १४ ऑक्टोबरला पहाटे आपल्याच अधिवेशनाला निघाले. "टेम्पे, आटप गं, हजेरीला उशीर नको," म्हणत मक्याची भाकरी न खाताच खिशात कोंबली. दुपारी खेचर एकटेच परत आले. तिसऱ्या दिवशी यजमानांचे प्रेत नदीत सापडले. आम्हा काळ्यांना दहशत घालत फिरणाऱ्या बुरखेवाल्या गोऱ्या स्वारांनी त्यांना पुलावर अडवले, हे पाहणारे आहेत. सांगायला कोणी धजत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

२. शेरीफसाहेब मृत्यूचा दाखला देत नाहीत. चेहरा ओळखू येत नाही, म्हणतात. सदऱ्याच्या बाहीवरचे ठिगळ माझ्या हातचे आहे असे सांगितले, तर म्हणाले, "ठिगळं तुम्हा काळ्यांच्या सगळ्याच सदऱ्यांना असतात. पळाला असेल तुझा नवरा उत्तरेला, दुसरी बघून!" चौदा वर्षे संसार केला हो, साहेब. ती बाही कापून सोबत जोडली आहे. काम झाल्यावर परत मिळावी.

३. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही दोघे श्री. प्रुइट यांचे गुलाम होतो. त्यांच्या मळ्यावरही रोज सकाळी हजेरी होई. माझ्या बाळंतपणात हे एकदा गैरहजर राहिले, तर पाठीची सालटी निघाली. सभासद झाल्यापासून एक दिवस चुकले नाहीत. अंगात ताप घेऊन गेले. त्यांना गैरहजर म्हणू नये.

४. नोटिशीप्रमाणे जागा गैरहजेरीमुळे रिकामी झाल्यास ती निवडणुकीत दुसऱ्या आलेल्या उमेदवारास, म्हणजे त्याच श्री. प्रुइट यांना, मिळते. मृत्यूमुळे झाल्यास पुन्हा मतदान होते. आम्हा काळ्या लोकांनी जन्मात एकदाच मत दिले, ते यांना. ते मातीत घालवू नका, पदर पसरते.

५. सभासदाने १२ तारखेला दहा वाजता समक्ष हजर राहून खुलासा करावा, असेही नोटिशीत आहे. दाखल्यावाचून चालतच नसेल, तर मी त्यांना उकरून गाडीत घालून आणते. दीर तयार आहेत. दरवाजावर अडवू नये. पेटीचे झाकण मात्र आपल्या कचेरीतल्या माणसाने उघडावे. मी एकदा पाहिले आहे, पुन्हा माझ्याने होणार नाही.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी,
टेम्पी विदर्स (स्वहस्ते)
हॅलोवे परगणा
दि. ६ नोव्हेंबर १८७०